सगुणावहिनीचा बांध

सुजीत, गावी फोन लावायला निघालायस ना? बस जरा. बूथ कुठं पळून जात नाही. लाइट येईपर्यंत ऐक. तुम्हीही ऐका रे.

माझ्या शेजारच्या खाटेवर नागेश असायचा. इथंच, मुसफ्फाच्या या लेबर कॅम्पात. वेल्डर, रत्नागिरीकडचा, कमी बोलणारा. अठ्ठ्याण्णवचा जुलै. गुरुवारची रात्र, आणि दिव्यांची अवस. दुसऱ्या दिवशी सुट्टी, म्हणून जेवण उरकून तो फोनकार्ड घेऊन निघाला. काम साधंच होतं. वहिनीचा होकार घ्यायचा.

त्याचा थोरला भाऊ गावकार होता, गावाचा पहिला मानकरी. तो वारला आणि गावानं मान सगुणावहिनीला दिला. मान म्हणजे काय, तर पाट उपसायला चिखलात पहिली ती, आणि गावजेवणात शेवटचं पान तिचं. कुणाची बाई अडली तर रात्री कंदील घेऊन हीच धावायची. तिनं कधी कुणाला हुकूम केला नाही. तरी तिचा शब्द कुणी मोडत नव्हतं.

डोंगराखाली गावाचा भाताचा मळा होता. जुन्या माणसांनी दगड फोडून केलेला, सगळ्या घरांचा सामाईक. एक हॉटेलवाला तो विकत मागत होता. घराघरांतले कर्ते पुरुष इकडं गल्फात. सगळ्यांनी हो म्हणून टाकलेलं, नागेशनंसुद्धा. वहिनी तेवढी नाही म्हणत होती.

गावात फोन एकच, कमरुद्दीनच्या दुकानात. अवसेला रात्री तिथं येऊन थांबा, असा निरोप नागेशनं आधीच दिलेला. एरवी फोन कमरुद्दीन उचलायचा. त्या रात्री वहिनीनंच उचलला.

नागेश म्हणाला, "वहिनी, सगळे तयार आहेत. तुमचंच अडलंय."

"भावजी, बांध खचलाय."

"बांधाचं सोडा आता. ती जमीन आपली राहणार नाहीये."

"पाणी मळ्यात शिरतंय... एकटीला आवरत नाही."

"मग बोलवा की कुणाला तरी."

मागं पाण्याचा आवाज येत होता. दुकानात कसलं पाणी, असं त्याच्या मनात आलं.

"कुणाला बोलवू, भावजी?"

यानं मनातल्या मनात गावातली घरं मोजली; पुरुष सगळे इकडंच.

"हात द्या, भावजी."

"वहिनी?"

पाण्याचा आवाज जवळ आला.

"वहिनी, कुठं आहात तुम्ही?"

फक्त पाणी. लाइन चालू होती. पाणी वाढत होतं.

रिसिव्हर तसाच सोडून तो पळत आला. कॅम्पाच्या दारात मीच उभा होतो, त्याची वाट बघत. ऑफिसात कमरुद्दीनचा फोन येऊन गेला होता. मी त्याला खाली बसवलं आणि सांगितलं. वहिनी दुपारी गेली. पावसात मळ्याचा बांध सावरायला उतरली होती. हाताशी म्हाताऱ्या बायाच. बांध अंगावर आला. काढेपर्यंत खलास.

नागेश माझ्याकडं बघत राहिला. "दादा, मी आत्ता बोललो तिच्याशी."

तो बोलत होता तेव्हा सगळा गाव मसणात होता. दुकानाला कुलूप होतं, आणि किल्ली कमरुद्दीनच्या खिशात. हे त्यानंच मला नंतर फोनवर सांगितलं.

नागेश रात्रभर भिंतीला टेकून बसला. रडला नाही. सकाळी म्हणाला, "ती हात मागत होती, आणि मी तिच्याकडं होकार मागत होतो." कंपनीनं त्याच दिवशी त्याला सोडलं. तो परत आला नाही. मळा त्यानं विकू दिला नाही. आता बांध तोच घालतो. पण घालून दाखवायचा कुणाला?

त्या दिवशी त्याला विमानतळाच्या टॅक्सीत बसवलं, आणि परतताना मी त्या बूथकडं वळलो. रिसिव्हर अजून लोंबकळत होता. आजूबाजूला कोरडी पांढरी वाळू. कित्येक महिन्यांत इथं थेंब पडला नव्हता.

बूथच्या फरशीवर भाताच्या रोपांची एक मूठ पडली होती. लावणीला काढतात तशी, हिरवीगार. मुळं ओली... आणि मुळांना लाल माती.