सुपारीला सांगितलेली गोष्ट

आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी माधवी बदलापूरच्या बाजारात एक सुपारी आणायला गेली. ही गोष्ट सुरू होते ती तिथून.

"एकच?" कमलेशने गल्ल्यावरून मान वर केली. "काय भाभी, कुणाची सुपारी दिली काय?"

"गप्प बसा हो. चातुर्मासाचा नेम धरायचाय."

"मग थांबा, चांगली देतो." त्याने बरणीत हात घालून दोन-चार खालीवर केल्या आणि एक गोल, जड सुपारी तिच्या तळहातावर ठेवली. "ही घ्या. देवाला पोकळ नाय चालत."

नेम कसला, ते तिने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कमलेश दिवसभर हसत बसला असता.

माधवीला एक कादंबरी लिहायची होती. साधी नाही, सात भागांची. अळवण नावाचं राज्य, त्याच्या वेशीला सात दरवाजे आणि एकेका दरवाजाचं एकेक पुस्तक. दिवे लावणाऱ्या माणसाची मुलगी सांजी. तिचा धाकटा भाऊ एका तिन्हीसांजेला पहिल्या दरवाजाआड गेला तो परत आलाच नाही, आणि सांजी त्याला शोधायला निघाली. लेक राजसी बालवाडीत होती तेव्हापासून हे राज्य माधवीच्या डोक्यात नांदत होतं. राजसी आता उल्हासनगरला कॉलेजात जात होती, आणि राज्य अजून डोक्यातच होतं.

कारणं रोजचीच. लिहायला बसावं तर कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या. दोन ओळी होतात तोच खालून सिक्युरिटी पार्सल घेऊन जायला सांगतो. नवऱ्याला, उन्मेषला, अंबरनाथच्या कारखान्यात सकाळपाळी असली की डबा पहाटे, दुसरी पाळी असली की दुपार त्याची. उरलेल्या वेळात माधवी जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर अळवणचे नकाशे काढायची, राजांच्या वंशावळी लावायची, तिथे पोळी कशाची करतात ते ठरवायची.

"मम्मी, यार," राजसी म्हणायची, "तुझ्या राज्याला तीन चंद्र आहेत, पण पहिलं पान नाहीये."

म्हणून तिने नेम धरला. चातुर्मासात रोज दुपारी गोष्टीचा एक तुकडा सांगायचा, मगच जेवायचं. सांगितलेलं संध्याकाळी लिहून काढायचं. आणि कार्तिकी एकादशीपर्यंत पहिला दरवाजा उघडला नाही, तर ही सगळी इच्छा देवापुढे ठेवायची आणि पुन्हा तिचं नाव काढायचं नाही. देवापुढे बोललेला शब्द माधवीने आजवर एकदाही मागे घेतला नव्हता. त्यामुळे तिला स्वतःचीच थोडी भीती वाटत होती.

सांगायची कुणाला, हा प्रश्न नव्हता. व्रताची कहाणी ऐकायला घरात कुणी नसलं तर तिची आई पाटावर सुपारी मांडायची, तिच्यापुढे अक्षता ठेवायची आणि सुपारीला कहाणी सांगायची. ऐकणाऱ्याने हातात अक्षता घ्यायच्या, मध्ये मध्ये हुंकार द्यायचा, आणि कहाणी पुरी होईपर्यंत उठायचं नाही, खायचं नाही. लहानपणी माधवीला ते जमायचं नाही. भूक लागली की ती गुपचूप अक्षता तोंडात टाकायची, कुंकू चोखून घ्यायची आणि पांढरे झालेले दाणे परत ठेवायची. आई बरोबर ओळखायची. "पोटात कावळे काय गं? कहाणीला बसलेल्यानं भूक धरायची असते."

सोनिवलीतली त्यांची इमारत नवी होती. अर्धे फ्लॅट विकत घेऊन कुलूप लावून ठेवलेले. दुपारी उन्मेष कामावर, राजसी कॉलेजात, आणि त्या मजल्यावर माधवी एकटी. लिफ्ट कधीतरी कुणी न बोलावता वर यायची, दार उघडायचं, मिटायचं. डक्टमधून पाणी ठिबकल्याचा आवाज यायचा. ओल्या सिमेंटचा आणि कुठल्यातरी घरातल्या बंद हवेचा वास जिन्यात भरून राहायचा.

पहिल्या दुपारी तिने अळवणच्या राजांची वंशावळ सांगितली. सुपारी गप्प होती, ती असणारच. दुसऱ्या दुपारी तीन चंद्रांची हकीगत सांगितली. तीही सांगून झाली, काही घडलं नाही. तिचं तिलाच कंटाळवाणं वाटलं. मग एका दुपारी तिला काय सुचलं कोण जाणे, तिने राजेही सोडले आणि चंद्रही सोडले.

"सांजी दिवे लावून घरी आली," ती म्हणाली, "तर उंबऱ्यावर ओली पावलं उमटलेली. लहान. बाहेर जाणारी. आत येणारं एकही नाही."

"हं," कुणीतरी म्हणालं.

अगदी हलकेच. समोरून. पाटाच्या पलीकडून.

माधवीने दचकून पाटाकडे पाहिलं. पंखा फिरत होता. बाहेर दूर कुठेतरी बांधकामावर लोखंड आपटत होतं. हॉलमध्ये ओल्या मातीचा आणि झेंडूचा वास होता, आणि घरात त्या दिवशी झेंडूचं फूल नव्हतं. तिने हात जोडले, देवाचं नाव घेतलं. पण उठायचं कसं? कहाणीला ऐकणारं बसलंय, आणि सांगणारीनेच पाट सोडायचा?

"सांजीने... दिवा उचलला," ती कापऱ्या आवाजात म्हणाली. "आणि त्या पावलांमागे निघाली."

"मग?"

त्या दिवसापासून गोष्ट चालू लागली. माधवीला हळूहळू कळत गेलं, की ती वंशावळीत शिरली की समोर सामसूम होते, आणि सांजी घाबरली, रुसली, ठेचकाळली की हुंकार येतो. तशी ती गाळत गेली, निवडत गेली. रात्रीच्या भांड्यांआधी लिहून काढू लागली. राजसी ते मोबाइलवर टाइप करायची. "मम्मी, हे भारी आहे! तू अचानक काय खाल्लंस?" भीती पुरती गेली नव्हती. पण पाटावर ऐकायला बसलेल्याला भूत म्हणणं माधवीच्या मनाला पटेना. रोज ती अक्षता ताज्या करायची आणि तुकडा पुरा झाल्यावर म्हणायची, "आता जेवा हो. मीही जेवते."

भाद्रपद सरला आणि सांजी पहिल्या दरवाजापाशी पोचली.

"तिने कडीवर हात ठेवला," माधवी म्हणाली. "दरवाजा गार होता. आतून..."

आणि बेल वाजली. दारात उन्मेष, डोळे लाल, अंग तापलेलं. "अर्ध्यातूनच आलो गं. उभं राहवेना." मग डॉक्टर, गोळ्या, कपाळावर पाण्याच्या पट्ट्या. त्याला झोप लागली तेव्हा चार वाजून गेले होते. माधवी स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्याउभ्या दोन घास जेवली. पाट तसाच राहिला.

संध्याकाळी भात शिजेना. चार शिट्ट्या झाल्या, सहा झाल्या. कुकर उघडला तर पाणी आटलेलं आणि दाणे टणक. राजसीने एक दाणा दाताखाली धरला आणि तोंड वाकडं केलं.

"मम्मी, हा भात नाही गं. अक्षता आहेत."

ती हसत म्हणाली. माधवीला हसू आलं नाही. दुसऱ्या डब्यातले तांदूळ लावले, तेही तसेच. आपण कुणालातरी उपाशी बसवून ठेवलंय, हे तिला तिथे गॅसपुढे उभं असताना समजलं.

दुसऱ्या दुपारी ती उन्मेषसाठी सूप घेऊन गेली. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"बाहेर कोण आलंय?" त्याने दबक्या आवाजात विचारलं.

"कुणी नाही."

"असं काय करतेस? मघापासून बाई बोलतेय. 'मग... मग...' एवढंच म्हणतेय. आणि माधवी... रडवेली आहे गं ती."

माधवीने वाटी खाली ठेवली. हॉलमध्ये येऊन पाटापुढे बसली. झेंडूचा वास इतका दाट होता की श्वास अडत होता. तिला आता खोटं बोलता येणार नव्हतं, स्वतःशीही नाही. काल बेल वाजली तेव्हा तिला बरंच वाटलं होतं. कारण दरवाजाआड काय आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं नव्हतं. म्हणून तर नकाशे, म्हणून तर चंद्र. एक दार उघडायचं टाळायला तिने अख्खं राज्य बांधलं होतं.

"मग?" आवाज फार जवळून आला.

"सांगते," माधवी म्हणाली. "चुकले. सांगते आता."

तिने डोळे मिटले.

"सांजीने दरवाजा ढकलला. आत राक्षस नव्हता. खजिना नव्हता. एक स्वयंपाकघर होतं. चूल विझलेली. आणि पानापुढे तिचा भाऊ बसला होता, मांडीवर हात ठेवून. भात केव्हाचा गार झालेला. त्याने एक घाससुद्धा घेतला नव्हता. कारण... घरातलं कुणी आल्याशिवाय जेवायचं नाही, असं त्याला सांगितलेलं होतं. तो वाट बघत होता."

हुंकार आला नाही.

"सांजी त्याच्याजवळ बसली. म्हणाली, 'किती वाळलास रे.' तो म्हणाला, 'तुला उशीर झाला.' तिने त्याचा हात धरला. म्हणाली, 'चल. घरी जाऊन गरम जेवू.' आणि दोघं उठली."

समोर कापड सळसळलं. कुणीतरी फार दिवस धरून ठेवलेला श्वास सोडला. माधवीने डोळे उघडले तेव्हा पाट होता, सुपारी होती, आणि वास विरत चालला होता.

त्या संध्याकाळी पहिल्या शिट्टीतच भात झाला. मोकळा, फुललेला. उन्मेष उठून बसला आणि दोनदा मागून घेऊन जेवला.

घरी परतायची वाट लिहायला दिवाळी उजाडली, पण कार्तिकीच्या आधी पहिला भाग पुरा झाला. एकादशीला माधवीने सुपारीची पूजा केली, तिच्यावर अक्षता वाहिल्या आणि आयुष्यभराच्या सवयीने तोंडातून शब्द गेले, "पुनरागमनाय च." परत यावं. म्हणून झाल्यावर तिचा हात क्षणभर हवेतच राहिला. मग तिने सुपारी जागची हलवली आणि मनाशी म्हणाली, बोलले ते बोलले.

राजसीने तो ठाण्याच्या एका प्रकाशकाकडे पाठवला, आणि त्यांचा फोन आला. पुस्तक काढू म्हणाले, पण दुसरा भाग कधी देता? राजसीने घरभर उड्या मारल्या. उन्मेष म्हणाला, "लेखिकाबाई, आता चहा मी करायचा का?" आणि खरंच केला. साखर विसरला.

मार्गशीर्षातल्या एका शांत दुपारी माधवीने पुन्हा पाट मांडला. कुणी येईल का? आलं नाही तर तिला जमेल का? अक्षता ठेवल्या आणि सुरुवात केली, "दुसरा दरवाजा पाण्याखाली होता."

"हं," ओळखीचा आवाज म्हणाला. माधवीला भरून आलं.

"तिथे जायला नाव नव्हती..."

"मग?"

हा आवाज दुसरा होता. बारीक, घाईचा, लहान मुलासारखा. जमिनीपासून जेमतेम हातभर उंचीवरून आलेला.

माधवी थांबली नाही. ठरलेला तुकडा शेवटपर्यंत सांगितला, "आता जेवा हो," म्हणाली, आणि अक्षता गोळा करायला वाकली.

कडेचे थोडे दाणे ओले होते. त्यांचं कुंकू कुणीतरी चोखून घेतलं होतं, आणि पांढरे झालेले दाणे पुन्हा गुपचूप जागेवर ठेवले होते.