सुकं पचतं, रस्सा बाधतो

"माज्या पोरीच्या ताटात कोनतरी गव्हाचं पीठ घालतंय," बिरप्पा खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले. "मला नाव पायजे. उद्या मी तिला घिऊन येनार हाय. कायमची!"

सात रस्ता चौकातल्या एवढ्याशा ऑफिसात खाजगी तपास करणारी अक्षता बसायची आणि तिचा आतेभाऊ गुरुशांत. गुरुशांत गाडी उत्तम चालवायचा. डोकं चालवायचं काम त्यानं अक्षतावर सोडलं होतं.

बिरप्पांची सोनाली जेऊरला दिली होती. आषाढात डॉक्टरांनी तिला सीलिॲक असल्याचं सांगितलं. गव्हातलं एक प्रथिन तिच्या आतड्यांना सोसत नाही, तेव्हा गहू पूर्ण बंद. रक्त फार कमी, म्हणून मटण, अंडी खायची. पोरगी सुधारूही लागली. पण सासरी मटण झालं की ती दोन दिवस अंथरुणात.

"मटणच पचत नसेल," गुरुशांत म्हणाला.

"आमच्याकडं पोटभर खाती की! मीठ-हळद लावून निखाऱ्यावर भाजतो मी. कायबी हुत न्हाय."

जेऊरच्या वाटेवर गुरुशांतला राहवेना. "अगं अक्षता, आपण लिंगायत, शाकाहारी. मटणातलं आपल्याला काय कळतंय?"

"म्हणून तर सगळं विचारायचं. कळतं असं वाटणारा विचारत नाही."

सासू मायाक्का दारातच भडकली. "व्हय, मी सासू, म्हंजे मीच चोर!"

पण तिनं घर उघडून दाखवलं. गव्हाचा दाणा नव्हता. तवा नवा. गिरणीत सगळ्या गावाचा गहू दळतात, म्हणून ज्वारी ती घरच्या जात्यावर दळत होती, या वयात!

"मटण कसं करता, मावशी?"

"शिजलं की थोडं सुकं काढायचं. बाकीच्यात कांदा-खोबऱ्याचं वाटण घालायचं, दाट व्हायला शेवटी येसूर मसाला. त्यो चैत्रातच डबाभर करून ठिवते. आमी समदी एकाच पातेल्यातलं खातो."

तेवढ्यात गुरुशांत शेळ्यांच्या गोठ्यातून विजयी मुद्रेनं आला. हातात बिस्किटांचा पुडा. "सापडला चोर! नणंदेचा आहे. ताटंही तीच वाढते!"

नणंद सृष्टीला रडूच फुटलं. "वैनीसमोर खाववत न्हाय वो. हितं खाते, हात धुते, मग आत जाते."

गुरुशांतची मुद्रा उतरली. पुडा त्यानं गुपचूप परत दिला.

शेवटी सोनाली. चेहरा पांढराफटक, डोळे पाणीदार.

"सुकं खाल्लं की?"

"कायबी हुत न्हाय. रस्सा वरपला की झालं."

"मटण नसताना कधी पोट बिघडलं?"

"श्रावणात एकदा. रोजची भाकरी, ताक आनि त्या दिशी केलेली आमटी, एवढंच खाल्लं हुतं." तिनं अक्षताचा हात धरला. "ताई, मला हे घर सोडायचं न्हाय. पन माजे अण्णा ऐकत न्हाईत."

अक्षतानं सगळ्यांना, मागोमाग आलेल्या बिरप्पांनाही, अंगणात बसवलं.

"मटण पचत नसतं, तर सुकंही बाधलं असतं आणि माहेरचंही. तेव्हा मटण निर्दोष. कुणी तिच्या ताटात पीठ टाकत असतं, तर सुकं का सोडलं असतं? तेव्हा माणसंही निर्दोष. बाधतो तो फक्त रस्सा आणि श्रावणातली आमटी. दोन्हींत सारखं काय पडतं?"

अक्षतानं मायाक्काकडं बघितलं.

"आमटीत काय पडतं ते मला ठाऊक आहे. आमच्या घरीही पडतं. मावशी, येसुरात काय काय भाजता?"

"बाजरी, हरभरा, तांदूळ..." मायाक्काचा हात तोंडाशी गेला. "अगं बया! गहू."

"येसूर केलात चैत्रात, आजार कळला आषाढात. घरातला सगळा गहू तुम्ही बाहेर काढलात. आधीच भाजून दळलेला तेवढा डब्यात राहिला, कारण येसुराला आपण मसाला म्हणतो. त्याला गहू कोण म्हणणार?"

मायाक्का सोनालीकडं वळली. "माज्याच हातानं गं, पोरी! पोटभर खा, खा म्हनत आग्रह करत हुते मी."

सोनालीनं तिला घट्ट धरलं. दोघी रडल्या. बिरप्पांनी पटका काढून हातात घेतला. "इहीनबाई, चुकलं माजं," एवढंच त्यांना म्हणता आलं.

येसुराचा डबा शेजारी गेला. पातेली, पळ्या राखेनं घासल्या. सृष्टीनं नुसती बाजरी आणि हरभऱ्याची डाळ निवडून, भाजून जात्यावर दळली. संध्याकाळी नवा रस्सा झाला. वासानं कासावीस झालेला गुरुशांत अंगणात ठेचा-भाकरी खात बसला. सोनालीनं भीत भीत एक वाटी संपवली.

"आतडं भरून यायला काही महिने लागतील," अक्षता म्हणाली. "डॉक्टरांना हे सगळं सांगा."

पाहुणे मुक्कामाला राहिले. सकाळी बिरप्पा ओट्यावर बसले होते, नजर सोनालीच्या खोलीच्या दाराकडं. आतून हूं की चूं नाही. मायाक्काला चुलीपुढून उठायचा धीर होत नव्हता.

दार उघडलं. सोनाली केस बांधत बाहेर आली. बापाकडं बघून हसली आणि सरळ चुलीपाशी गेली.

"आत्या, कालचा रस्सा उरलाय का? लई भूक लागलीया."