गोड्या पाण्याचं बेट

"अवं, समुद्राचं पाणी काऊन पिऊन राह्यली? मरशील ना!"

हेडफोनमधून आवाज आला आणि कॉम्प्युटरच्या दुकानात खेळत बसलेली मैत्री खुर्चीतच दचकली. पडद्यावरच्या त्या ओसाड बेटावर आपण एकट्याच आहोत असं तिला वाटत होतं. तहानेची निळी पट्टी संपत आली होती आणि नजर जाईल तिथवर नुसतं खारं पाणी. खेळात जगभरातली अनोळखी माणसं भेटायची, त्यात नवल नव्हतं. पण त्यातल्या एकानं थेट आपल्या बोथ गावच्या, तेलुगू मुलखातल्या मराठी बोलीत बोलावं?

"कोण तू?" तिनं दटावलं.

"नाव नंतर. आधी खड्डा खण. मधात करवंटी ठेव, वरून ताडपत्री टाक, आन् ताडपत्रीवर बरोब्बर करवंटीच्या वर एक गोटा ठेव. उन्हानं वाफ धरते, थेंब थेंब पाणी पडते खाली."

"आन् तोवर?"

"तोवर माझ्याजवळचं पी. फक्त उष्टं आहे... चालते ना?"

पडद्यावर एक उघडाबोडका, दाढीवाला गडी नारळ पुढे करून उभा होता. मैत्रीला हसू फुटलं. आणि मग तिच्या लक्षात आलं – हा आवाज हेडफोनच्या आधी दुसरीकडूनच कुठून तरी येतोय. तिनं एक कान मोकळा केला.

"लाजून राह्यली का?"

प्लायवूडच्या फळीपलीकडून! ती ताडकन उठून उभी राहिली. पलीकडच्या खुर्चीत एक सावळा, लांबसडक पोरगा बसला होता. शर्टाच्या बाहीला कापूस चिकटलेला. त्यानं वर पाहिलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"तुमी... बेटावरच्या?"

"हो. आन् तुमची दाढी कुठं गेली?"

त्याचं नाव रविकांत. बोथपासून जवळच्या खेड्यात घरची कपाशी होती. मैत्री भिवाजी मास्तरांची धाकटी. बी.एड. करून नोकरीची वाट पाहत होती, आणि कॉम्प्युटरच्या त्या दुकानात खेळायला जाणारी गावातली एकटीच मुलगी होती. लोक बोलायचे. आई, पंचफुलाबाई, घाबरायची.

"पोरं जातात तिथं," आई म्हणायची.

"म्हणूनच जाते. दुकानावर पोरांचं नाव लिहिलं आहे का?" मैत्री ओढणी खांद्यावर टाकायची आणि निघायची.

आता मात्र पाय जरा जास्तच घाईनं निघायचे. फळीच्या अलीकडे ती, पलीकडे तो, आणि मधे ते बेट. रविकांत खड्डे खणत राहायचा, करवंट्या मांडत राहायचा, आणि तिला घोट घोट पाणी द्यायचा. एके दिवशी मैत्रीनं पाहिलं, की पाखरं रोज एकाच खडकामागे उतरतात. ती मागं मागं गेली. खडकाच्या कपारीतून झुळझुळ झरा वाहत होता... गोडा!

"रवी! इतके दिवस मले थेंब थेंब पाजत होता तू, आन् इथं झरा आहे!"

फळीपलीकडून हळूच आवाज आला, "माहीत होतं मले."

"मग सांगितलं काऊन नाही?"

"झरा सापडला असता... तर तू माझ्याजवळ कायले आली असती?"

मैत्रीनं हेडफोन काढून ठेवला. कान नुसते तापले होते. फळीवरून तिनं डोकावलं तर तो खाली मान घालून हसत होता. तिनं त्याच्या डोक्यावर टपली मारली, पण हात लगेच मागं घेतला नाही... जरासा रेंगाळला.

दिवाळीनंतर तो म्हणाला, "घरी ये ना. हर्षालीले तुले पाह्यचंच आहे, माझी लहान बहीण." आणि मैत्री गेली, आईनं जपून ठेवलेली मोरपंखी साडी नेसून.

विमलबाईंनी, रविकांतच्या आईनं, हसतमुखानं आत घेतलं. "ये बाई, बस. कोणाची तू?"

"भिवाजी मास्तरांची. बोथला बुद्धविहाराजवळ घर आहे आमचं."

हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. विमलबाई आत गेल्या. परत आल्या तेव्हा रविकांतच्या आणि त्याच्या वडिलांच्या, उद्धवरावांच्या, हातात स्टीलचे ग्लास दिले. मैत्रीपुढे मात्र कागदी ग्लास ठेवला. कुठल्या तरी लग्नातला उरलेला, कडेला दुमडलेला.

मैत्रीनं रविकांतकडे पाहिलं. त्यानं ग्लास पाहिला होता. सगळं समजलं होतं त्याला. आणि त्यानं नजर खाली वळवली.

कागदाचा ग्लास एवढा लागला नाही, जेवढी ती वळलेली नजर लागली.

"काकू, हे राहू द्या," ती म्हणाली आणि उठली. कोपऱ्यातल्या माठापाशी गेली. मांडणीवरचा स्टीलचा ग्लास घेतला, काठोकाठ भरला आणि सगळ्यांच्या देखत शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

"ओ पोरी!" उद्धवराव उभेच राहिले.

"तहान लागली होती, काका. पाणी गार आहे तुमच्याकडचं." तिनं ग्लास बाकीच्या ग्लासांमधे ठेवला आणि चपला घालून निघाली.

कपाशीच्या कडेनं रविकांत धावत आला. "मैत्री, थांब... मी बोलणारच होतो –"

"कवा? मी गेल्यावर?"

"आई आहे ती माझी."

"आन् मी कोण आहे?"

त्यानं वळून घराकडे पाहिलं. समोरून ऑटो आला, तशी ती चढून बसली. "सापडलं उत्तर, तर सांग," म्हणाली, आणि डोळे भरले तरी मागं पाहिलं नाही.

दुकानात जाणं तिनं सोडलं नाही. त्यानं मान खाली घातली म्हणून आपण का घरी बसायचं? पण फळीपलीकडची खुर्ची रिकामी असायची, आणि खेळात मन लागेनासं झालं होतं.

बाजाराच्या दिवशी तो दुकानात आला. डोळे ओढलेले, दाढी खरोखरची वाढलेली.

"त्या दिवसापासून घरात मी कागदी ग्लासातच पितो," तो म्हणाला. "ओसरीवर बसून, पत्रावळीवर जेवतो. सांगितलं दोघांना, तिले वेगळं तर मले बी वेगळंच. आई रडते. बाबा बोलत नाहीत. काल हर्षाली बी तिचं ताट सोडून माझ्याजवळ येऊन बसली."

पण मैत्री एवढ्यात विरघळणारी नव्हती. "त्या दिवशी तू खाली पाह्यलं होतं. ते मी विसरली नाही."

"विसरू नको. मी बी नाही विसरत."

"आन् ते मानलेच नाहीत तर?"

"तर आपलं घर वेगळं करू. पण तू... म्हणजे मी तुले... ते आपलं..."

"खड्डा खणायला सांगतानी तर एका दमात बोलला होता!"

तो हसला, मग गंभीर झाला. "आवडते तू मले. लगीन करायचं तर तुझ्याशीच."

"मले बी तूच आवडतो," ती म्हणाली. "आन् हे मी तुझ्या आईला विचारून ठरवलं नाही. चल."

"कुठं?"

"बाबांना सांगायला. लपूनछपून काहीच करायचं नाही मले."

तिनं त्याचा हात धरला आणि दोघं भर बाजारात उतरली. भाजीवाल्या तेलुगूत ओरडत होत्या, कापसाचे टेम्पो भोंगे वाजवत होते, आणि माना वळत होत्या. खताच्या दुकानापुढे उद्धवराव उभे होते.

"रव्या! कुठं चालला?"

मैत्रीनं आपली पकड सैल केली. हात सोडवून घ्यायचा असेल तर आत्ताच घे म्हणावं.

रविकांतनं तिच्या बोटांत बोटं गुंफली.

"भिवाजी मास्तरांकडे, बाबा. मैत्रीचा हात मागायला. तुमी मोठे आहात, सोबत चला. नाही आले, तर एकटा मागतो."

उद्धवरावांनी गुंफलेल्या हातांकडे पाहिलं, भोवती जमलेल्या लोकांकडे पाहिलं. पाय मात्र जागचा हलला नाही.

"बरं... निघतो मग," रविकांत म्हणाला.

लोकांनी वाट सोडली, आणि ती दोघं बुद्धविहाराच्या गल्लीकडे वळली.