बसव्वाला न सांगितलेला शेवट

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी मात्र यातलं एक अक्षरही रचलेलं नाही.

यात अमावस्या नाही, मध्यरात्र नाही. जे झालं ते २०२३ च्या मे महिन्यात, भर दुपारी तीन वाजता झालं. सोलापुरात, होटगी रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये.

मी यशोदा. शाळेत गणित शिकवते. त्या एप्रिलमध्ये बाथरूममध्ये पाय घसरला आणि नडगीचं हाड मोडलं. प्लॅस्टर घातलं आणि मी पलंगाला खिळले.

माझे मिस्टर, वेणीमाधव, दिवसभर ऑफिसात. म्हणून दिवसा सोबतीला एक बाई ठेवली.

बसव्वा.

वळसंगची. तिशीच्या आसपासची. सकाळी एसटीनं यायची, पाचला परत जायची.

मला सस्पेन्स कादंबऱ्यांचं वेड आहे. गोळीबार, पाठलाग असल्या नव्हेत. माणसाच्या डोक्याशी खेळणाऱ्या. ज्यात घरातलाच कुणीतरी हसतमुखानं वाईट वागत असतो आणि वाचणाऱ्याला कळत नाही कोण. मला कळायचं. शंभराव्या पानाच्या आत गुन्हेगार ओळखला नाही, असं क्वचितच व्हायचं. त्याचा मला गर्व होता.

बसव्वाला वाचता येत नव्हतं. एक दिवस स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून, सुपात ज्वारी निवडता निवडता ती म्हणाली,

"अक्का, एकट्याच मनात काय वाचताय? मोठ्यानं वाचा की."

वाचलं. आणि ती अडकली.

मी पाणी प्यायला थांबले तरी तिला चैन पडायचं नाही. तिचं माहेर अक्कलकोटच्याही पलीकडचं, कानडी. लगेच म्हणायची,

"मुंद?"

म्हणजे, पुढं?

मेच्या सुरुवातीला एक नवीन कादंबरी घेतली. गोष्ट एका बाईची. तिच्या वस्तू घरात जागा बदलतात. चावी ठेवते एकीकडं, सापडते भलतीकडं. नवरा प्रेमानं म्हणतो, तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय. हळूहळू तिलाही तसंच वाटायला लागतं.

सुपाचा आवाज थांबला.

"अक्का, हे लिवणारी आमच्या घरात येऊन गेलीय की काय?"

मी हसले. "का गं?"

"माजं बी तसंच हाय. डब्यात ठिवलेलं डोरलं कडब्यात सापडतंय. आमटीत मीठ दोनदा पडतंय. मालक म्हनत्यात, तुजं डोस्कं फिरलंय."

कल्लप्पा, तिचा नवरा. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"उन्हानं होतं असं," मी म्हणाले.

आणि पान उलटलं.

दोन दिवसांनी तिनं गुन्हेगारही ओळखला. माझ्या आधी.

"नवराच हाय त्यो. बायकू येडी ठरली की दुसरी आनायला कोन आडवतंय?"

खरं सांगते, मला राग आला. साठाव्या पानावर हिला कसं कळलं? हिला कसं कळलं असेल, हा विचार मी पुढं नेलाच नाही. पुस्तकातल्या बाईसाठी माझा जीव वर-खाली होत होता. चौकटीला टेकलेल्या बाईकडं माझं लक्ष नव्हतं.

शुक्रवारी शेवटची तीस पानं राहिली. पाच वाजले. बसव्वा पदर खोचून उभी राहिली, पण निघेना.

"आजच सांगा की. ती सुटती का न्हाय, एवढंच."

"शेवट आधी सांगायचा नसतो. मजा जाते. सोमवारी वाचू."

"मजा व्हय..." ती हळूच म्हणाली.

आणि गेली.

सोमवारी ती आली नाही.

मंगळवारी तिच्या नंबरवरून फोन आला. पुरुषाचा आवाज. शांत.

"बसव्वा वारली. हिरीत पडली. डोस्क्यावर परिनाम हुता तिच्या."

पुस्तकात नवरा अगदी हेच वाक्य बोलतो.

आठ दिवस मी त्या पुस्तकाला हात लावला नाही. नवव्या दिवशी लावला. दुपारचे तीन वाजत आले होते. पडदे ओढलेले. घरात मी एकटी. कूलर घरघरत होता.

मनातच वाचायला लागले. एक पान झालं...

आणि कूलरचा आवाज बंद झाला.

वारा येत होता. पातं फिरताना दिसत होतं. फक्त आवाज नव्हता. रस्त्यावरच्या रिक्षांचाही नाही.

मग...

सर्र. सर्र. सर्र.

सुपात ज्वारी फिरत होती.

सूप माळ्यावर होतं. ती गेल्यापासून ते कुणी काढलंच नव्हतं.

मी चौकटीकडं बघितलं. तिथं कुणी नव्हतं. मी बघितलं की आवाज थांबायचा. पुस्तकाकडं वळले की सुरू व्हायचा.

शेवटी तो पूर्ण थांबला. आणि अगदी रोजच्यासारखं, जरा अधीर होऊन...

"मुंद?"

मला उठता येत नव्हतं. पळता येत नव्हतं. मी एकच गोष्ट करू शकत होते.

मोठ्यानं वाचायला लागले.

वाचत गेले. मध्ये दम लागला, थांबले.

"मुंद?"

पुन्हा वाचलं. शेवटच्या दोन पानांवर आले आणि नजर पुढं धावली. तेव्हा मला कळलं.

ती सुटत नाही. नवरा तिला गच्चीवरून ढकलतो. आणि जमलेले सगळे लोक एकमेकांना सांगतात की तिचं डोकं फिरलं होतं.

हे मी बसव्वाला कसं वाचून दाखवणार होते?

मी पुस्तकावर नजर ठेवून खोटंच बोलायला लागले. "...आणि पहाटे ती दार उघडून निघाली. माहेरी पोचली. तिचं सगळ्यांना खरं वाटलं. ती सुटली."

मग आवाज आला. आता चौकटीपाशी नव्हे. माझ्या उशाशी.

"असं लिवलंय व्हय?"

मी पुस्तक मिटलं. त्याच क्षणी कूलर घरघरायला लागला.

त्यानंतर ती आमच्याकडं कधीच आली नाही. मला हायसं वाटायला हवं होतं... वाटलं नाही.

प्लॅस्टर निघाल्यावर मी पोलिसांकडं गेले. बसव्वानं मला जे सांगितलं होतं, ते सगळं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. अपघाती मृत्यूची नोंद आधीच झाली होती. "पुरावा काय, मॅडम?" पुरावा माझ्याकडं नव्हता.

जुलैमधल्या एका शनिवारी आम्ही दोघं कारनं वळसंगला गेलो. बसव्वाचा जेवणाचा डबा आमच्याकडं राहिला होता, तो द्यायचं निमित्त. वेणीमाधव गाडीतच थांबले.

कल्लप्पा घरी नव्हता. दारात एक कोवळी मुलगी आली. हातात हिरवा चुडा. दोन महिन्यांत त्यानं दुसरी आणली होती.

तिनं डबा घेतला. माझ्याकडं नीट बघितलं.

"तुमी पुस्तकवाल्या अक्का व्हय?"

"तुला कुणी सांगितलं?"

"ती सांगती की." तिनं मागं ओसरीकडं मान वळवली. ओसरी रिकामी होती. "रोज दुपारी हितं बसती. एका बाईची गोष्ट सांगती. पयल्यांदा लई भ्याले मी. मग परवा माजं जोडवं पिठाच्या डब्यात सापडलं. तवापास्नं नीट ऐकतीय."

"शेवट इचारला तर म्हनती, मला म्हाईत न्हाय. अक्का खोटं बोलल्या. त्या येतील, तवा तूच इचार." ती एक पायरी खाली उतरली. "ती बाई सुटती का हो?"

या वेळी मी खरं सांगितलं. "नाही. नवरा मारतो तिला."

मुलगी रडली नाही. आत गेली आणि कापडी पिशवी घेऊन बाहेर आली. तिचं नाव मायाक्का. भाऊ कुर्डुवाडीला, रेल्वेच्या वर्कशॉपात.

"स्टेशनला सोडता का?" एवढंच म्हणाली.

ती मागच्या सीटवर बसली. अगदी दाराला चिकटून, शेजारची जागा मोकळी सोडून. गाव संपता संपता तिनं एकदम सांगितलं,

"जरा थांबवा."

गाडी थांबली. लख्ख ऊन. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

मागचं दुसरं दार उघडलं... आणि लागलं.

ते दार आतून लॉक होतं. वेणीमाधवनीच निघताना केलं होतं. आरशात त्यांचा चेहरा पांढराफटक पडलेला मला दिसला. आजतागायत ते त्याबद्दल एक शब्द बोललेले नाहीत.

"चला आता," मायाक्का म्हणाली.

"काय झालं गं?"

"उतरली ती. म्हनली, घरात परत कोनतरी येईल की. तिला सांगाया कोनतरी पायजे तितं."

मायाक्का भावाकडं सुखरूप आहे. फोन करते. दुपारी आता तिच्याशी कुणी बोलत नाही.

कल्लप्पाला कुणी काही विचारलं नाही. गेल्या आठवड्यात मायाक्कानंच कळवलं, त्याच्यासाठी मुलगी ठरलीय म्हणे. कुठली, ते तिला माहीत नाही.

मी रोज दहा ठिकाणी फोन करतेय. त्या मुलीचं नाव-गाव अजून मिळालेलं नाही.