होकायंत्राजवळची तार

समुद्रातल्या त्या खडकांच्या कड्याआड एक शांत तळं आहे आणि त्यात बोट नेता येते, हे बाबा चाळीस वर्षं सांगत आले होते. बंदरावरची माणसं चाळीस वर्षं हसत आली होती. बाबांचं नावच पडलं होतं 'तळंवाले'! वर्षातल्या सगळ्यात मोठ्या ओहोटीला, जेमतेम तासभर, खडकांमधली वाट उघडी पडते. यंदा ताई त्या वाटेने आत जाणार होती. फोटो काढणार होती, आणि बाबांची अधू झालेली नजर पुरती जायच्या आत ते त्यांच्यापुढे धरणार होती.

ताई लिफ्टचं वायरिंग करायची. बोटीचंही तीच करणार होती, पण ऐन वेळी मोठं काम अंगावर आलं आणि बोटीचं वायरिंग गेलं धाकट्या भावाकडे. तो गाड्यांमध्ये म्युझिक सिस्टिम बसवायचा. तिने त्याला सगळं कागदावर लिहून दिलं. प्रत्येक तारेला बॅटरीपाशीच फ्यूज हवा. होकायंत्राजवळून जाड तार न्यायची नाही, कारण वीज वाहायला लागली की सुई ढळते.

"बारा व्होल्टला काय घाबरतेस?" तो हसला होता.

"बारा व्होल्टचा शॉक बसत नाही रे, पण आग लागते."

"बरं बाई! तुझा शब्द न् शब्द पाळतो."

तिने काम उघडून पाहिलं नाही. सख्ख्या भावाचं काय तपासायचं?

सकाळी दोघं निघाली. पाणी तेलासारखं संथ होतं, इंजिन एका सुरात चाललं होतं. किनारा मागे पडल्यावर ताईच्या लक्षात आलं, बाकाखाली एक छोटा फ्रिज गुरगुरतोय.

"हा कुठून उपटला?"

"थंड पाणी नको का प्यायला? तुझ्यासाठी सरप्राइज!"

तिला हसूच आलं. वेडा कुठला!

दोन तासांनी समोरून धुकं आलं आणि बघता बघता बोटीचं नाक दिसेनासं झालं. तेवढ्यात जीपीएसचा पडदा लुकलुकला. विझला! खोली दाखवणारं यंत्रही त्याच्यासोबत गेलं. उरलं बाबांचं जुनं पितळी होकायंत्र. ताईने सुईवर नजर रोवली आणि बोट सरळ वायव्येला धरली. अर्धा तास. मग लाटा फुटल्याचा आवाज आला, उजवीकडून. खडक तर डावीकडे हवे होते!

"धूर!" धाकटा किंचाळला.

फळीच्या फटीतून काळा धूर येत होता. ताईने झेप घेतली. बॅटरीचा मुख्य स्विच खाडकन बंद केला! फळी उचकटली! ओलं पोतं आत कोंबलं! फ्रिजचं गुरगुरणं थांबलं; डिझेलचं इंजिन तेवढं बॅटरीशिवाय चालू राहिलं.

आणि सुई हलली. सरकत सरकत चांगली बोटभर वळली आणि थांबली.

ताई बघतच राहिली. म्हणजे अर्धा तास ती खडकांच्या तोंडात चालली होती!

"धर घट्ट!" तिने सुकाणू पार फिरवलं. एक काळा सुळका हाताच्या अंतरावरून गेला. लाट अंगावर फुटली. बोट कलली, सावरली, आणि मोकळ्या पाण्यात आली.

तिने फळीमागे वाकून पाहिलं. फ्रिजची जाड तार होकायंत्राला चिकटून नेलेली होती. फ्यूजच्या जागी तांब्याच्या तारेचा तुकडा होता.

"फ्यूज सारखा उडत होता गं," तो पुटपुटला.

"आणि सुई? धक्क्यावर चालू करून पाहिलंस तेव्हा फिरली नाही?"

तो ओलं पोतं पिळायला लागला.

"फिरली होती ना?"

"थोडीशी. तू चिडली असतीस."

नुसती चूक असती तर ताईने दोन शिव्या घालून सोडून दिली असती. याला माहीत होतं! माहीत असून तो तिच्या शेजारी बसून थंड पाणी पीत होता.

धुकं विरळ झालं. दूर, खडकांच्या मधोमध, वाट दिसली. खरंच होती!

"ताई, चल ना! सुई आता बरोबर आहे. वीस मिनिटं आहेत!"

पाण्याची खोली कळत नव्हती, तारा जळलेल्या होत्या. लांबून काढलेल्या फोटोत नुसता करडा रंग आला. ताईने एकदा त्या वाटेकडे डोळे भरून पाहिलं आणि बोट वळवली.

बाबा धक्क्यावर उभे होते. "दिसलं का तळं?"

"धुकं फार होतं, बाबा," धाकटा घाईने म्हणाला. "आणि तुमचं ते होकायंत्र! जुनं झालंय, भरकटवलं त्याने."

बाबांचा चेहरा उतरला. "ते कधी चुकलं नव्हतं रे..."

ताईने जळकी तार आणि तो तांब्याचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. "आजही चुकलं नाही, बाबा. त्यानेच आम्हाला परत आणलं. तळ्याची वाट आहे. मी पाहिली."

बाबांनी तुकडा बोटांनी चाचपला. कुणाचं काम, हे त्यांनी विचारलं नाही. धाकटा खाली बघत होता.

"पुढच्या मोठ्या ओहोटीला तुम्ही सोबत चला," ताई म्हणाली. "वायरिंग मी करते."

"आणि हा?"

"हा किनाऱ्यावर थांबेल."