बिटाच्या कोशिंबिरीचा डबा

"अहो! काय चाललंय तिथे?"

अक्षताच्या हातातली झारी तशीच लवंडली. सकाळची कोवळी उन्हं, कर्वेनगरातल्या त्यांच्या इमारतीची गच्ची, आणि तिच्या लाडक्या क्रेटपाशी उकिडवा बसून एक तरुण खुशाल बिटाची रोपं उपटत होता.

"विरळणी," तो मान वर न करता म्हणाला.

"तुमच्याकडे चोरीला विरळणी म्हणतात का?"

आता त्याने वर बघितलं. एका गालाला दाढीचा फेस तसाच होता. "मी दत्तप्रसाद. हा गच्चीला लागून फ्लॅट आहे ना, तिथे भाड्याने राहतो. रोज दाढी करताना खिडकीतून ही गर्दी दिसते... आज राहवलं नाही. बिटाचं एक बी म्हणजे तीन-चार बियांची गाठ असते. सगळी रोपं एकाच जागी उगवतात. त्यातलं एक ठेवायचं, नाहीतर वर पाला रग्गड आणि खाली कंद करंगळीएवढा."

"आणि काढलेली? बिचारी..."

"बिचारी खायची असतात."

त्याने एक लालचुटूक देठाचं रोप धुऊन पुढे केलं. अक्षताने संशयाने चावलं. आधी मातीचा वास, मग मागून हळूच गोडवा. असं कसं? तिने खात्री करायला दुसरं उचललं.

"चोरीच्या मालाला हात लावताय," तो म्हणाला.

आईने ती रोपं चिरून थालीपिठात घातली. "चोराला पण दे जा," म्हणत दोन थालीपिठं स्टीलच्या डब्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी त्याच डब्यातून त्याच्या गावच्या, अकोल्याच्या पद्धतीचा गोळाभात आला. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही रीत इकडे पुण्यात तशी तिकडे अकोल्यातही. मग काय, डबा थांबेचना! तिने बिटाच्या पाल्याची पीठ पेरून भाजी पाठवली, त्याने शेंगदाण्याची चटणी. आज काय असेल, या उत्सुकतेने अक्षता घरापर्यंतसुद्धा थांबायची नाही. जिन्यातच झाकण उघडायची.

सकाळी क्रेटपाशी भेट ठरलेलीच. कंदांचे लाल खांदे मातीतून डोकावायला लागले, तसे दोघं त्यांच्यावर माती ओढत बसायचे. एकाच ढेकळाकडे दोघांचे हात जायचे... आणि मग दोघंही उगाच आकाशाकडे बघायचे. याच्या मनात नक्की काय आहे? तिला कळत नव्हतं. विचारायचं कसं, तेही कळत नव्हतं.

आणि एक दिवस तो म्हणाला, "अकरा महिन्यांचा करार संपतोय. मालकांचा मुलगा येतोय राहायला. मी वाकडला खोली बघतोय, ऑफिसजवळ."

"वाकड? म्हणजे पुणं सोडताय म्हणा ना," ती हसून म्हणाली. हसू जेमतेम ओठांपर्यंत पोचलं. तो गेला की हे विचारायचं राहिलं ते राहिलंच.

तो जायच्या आधीच्या रविवारी त्यांनी बीट काढलं. मुठीएवढे, गरगरीत कंद! अक्षताने ते उकडून किसले, दही घातलं, वरून हिंग-मिरचीची फोडणी दिली. कोशिंबीर गुलाबी झाली आणि बोटंही. आजवर तिने कुणासाठी इतकं मन लावून काही केलं नव्हतं. याच्या बदल्यात काय येईल, तेवढ्यावरून तरी काही कळेल...

संध्याकाळी दाराच्या कडीला पिशवी अडकवलेली होती. तिने डबा काढला, झाकण उघडलं.

रिकामा. घासूनपुसून लख्ख, आणि रिकामा.

"हे काय गं?" आई म्हणाली.

अक्षता डबा घेऊन तरातरा वर गेली. तो पुस्तकांचं खोकं बांधत होता.

"रिकामं भांडं देत नाहीत, एवढंही माहीत नाही तुला?" 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते तिच्या लक्षातही आलं नाही. "का वाकडची हवा आत्ताच लागली?"

"माहीत आहे. माझी आई वाटीत निदान चिमूटभर साखर टाकल्याशिवाय परत करत नाही."

"मग?"

तो चिकटपट्टीशी चाळा करत राहिला. "भरून दिला असता तर... तू घेतला असतास, फडताळात ठेवला असतास. फिटंफाट. मला फेडायचंच नव्हतं. म्हटलं, रिकामा बघून भांडायला तरी येशील."

"आणि नसते आले तर?"

"तर उद्या वाकडची चावी घेतली असती. उगाच आशा कशाला..."

अक्षताला एकदम हलकं वाटलं, आणि धीटही.

"नको घेऊस चावी," ती म्हणाली. "समोरच्या बिल्डिंगमध्ये तात्यारावांची खोली रिकामी आहे."

"गेलो होतो. 'बॅचलर चालणार नाहीत,' म्हणाले आणि दार लावलं."

"मग त्यांना सांग... फार दिवस राहणार नाही म्हणावं. बॅचलर."

चिकटपट्टी हातातून सुटून गडगडत पलंगाखाली गेली. तो तिच्याकडे बघतच राहिला. अक्षता मात्र आता तिथे क्षणभरही थांबू शकत नव्हती. ती जिना उतरायला लागली, कान नुसते तापलेले.

"अक्षता!" वरून तो कठड्यावर ओणवला. "किती दिवस म्हणून विचारतील ना ते! काय सांगू?"

ती वळली नाही. हसू दिसलं असतं.

"तुझी आई पुण्याला कधी येते, त्यावर आहे!"