पाटीवरचं दुसरं नाव

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचायचीच असती तर सख्ख्या मावशीला त्यात कशाला ओढलं असतं?

आणि घडलं ते भर दुपारी. शनिवार होता. दोन वाजून दहा मिनिटं. भुतं फक्त रात्री येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझ्या मावशीला एकदा भेटावं. ती वाद घालणार नाही. फक्त उठून दार उघडं आहे ना, ते बघून येईल.

मावशी एका कोल्ड स्टोरेजमध्ये मोजणीला होती. मटार, मासळी, मक्याचे दाणे, सगळं गोठवलेलं, खोक्यांत भरलेलं. खोकी मोजायची आणि प्रत्येक थप्पीवर आकडा लिहायचा, हे तिचं काम. तीन नंबरची खोली सगळ्यात मोठी. आत उणे वीस डिग्री.

तिथला एक नियम होता. प्रत्येक खोलीच्या दारावर काळी पाटी. आत जाताना खडूने आपलं नाव लिहायचं, बाहेर आल्यावर पुसायचं. पाटीवर नाव असेपर्यंत बाहेरून कडी घालायची नाही.

साधा नियम. पण त्याच्यावर माणसांचे जीव टांगलेले.

मावशीला हे काम शिकवलं वस्तादांनी. तीस वर्षं तिथेच मोजणी केलेला माणूस. सगळे त्यांना वस्तादच म्हणायचे. ते मावशीला ‘सुई’ म्हणायचे, कारण ती अंगाने बारीक आणि बोलायला टोचरी. त्यांच्याशिवाय या नावाने तिला कुणीच हाक मारत नसे.

“सुई, इथे साधं पेन आणलंस ना, तर दोन मिनिटांत मरेल बघ ते,” पहिल्या दिवशीच त्यांनी सांगितलं होतं.

आणि खिशातून आपलं पेन काढून दाखवलं होतं. बोटाएवढंच. स्टीलचं. टोपण काढून मागे लावलं की हातात बसेल एवढं लांब व्हायचं. उणे वीसमध्ये लिहायचं, ओल्या पुठ्ठ्यावर लिहायचं, बर्फ साचलेल्या लेबलवर लिहायचं, उलटं धरलं तरी लिहायचं. निळी शाई. कधी अडली नाही.

दोन वर्षांपूर्वी वस्ताद तीन नंबरमध्येच गेले.

तोही शनिवारच. अर्ध्या दिवसाची सुट्टी. सोमवारी सकाळी दार उघडलं तेव्हा ते दारापाशी बसलेले सापडले. पाटी कोरी होती म्हणून साहेबांनी कडी घातली होती. चौकशी झाली. सगळे म्हणाले, म्हातारा नाव लिहायला विसरला, दुसरं काय.

त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, एकच वाक्य लावून धरलं होतं. “ते विसरणारे नव्हते हो.”

कुणी ऐकलं नाही. दोष त्यांच्याच माथी राहिला.

तेराव्या दिवशी काकूंनी ते पेन मावशीच्या हातात ठेवलं. “तू त्यांची लाडकी. तुझ्याकडेच राहू दे.”

मावशी ढसाढसा रडली. काकूंना वाटलं, मायेपोटी.

मायेपोटी नव्हतं ते.

त्या शनिवारी मावशीही तीन नंबरमध्ये होती. तिच्या मागून वस्ताद आत गेले, पलीकडच्या रांगेत, आणि तिच्या नावाखाली आपलं नाव लिहून गेले. ते नेहमी पिवळ्या खडूने लिहायचे. मावशी घाईत बाहेर आली आणि हातमोजा पाटीवरून एकदाच फिरवला, वरपासून खालपर्यंत. बघितलंच नाही. सोमवारी, ती बातमी कळल्यावर, तिने आपला हातमोजा पाहिला.

तळव्यावर पिवळा खडू होता.

तिने तो धुतला. आणि गप्प बसली. एक दिवस, दोन दिवस, मग दोन वर्षं. नोकरी जाईल, पोर उघड्यावर पडेल... घरात त्या दोघीच होत्या ना, ती आणि तिची नऊ वर्षांची लेक.

आता त्या दुपारचं सांगते.

मावशीने पाटीवर नाव लिहिलं. मोबाइल बाहेरच्या ट्रेमध्ये ठेवला, थंडीत बॅटरी जाते म्हणून सगळेच ठेवायचे. आत गेली. शेवटची रांग मोजत होती, तेवढ्यात...

खट्ट.

बाहेरून कडी पडली.

“अहो! मी आहे आत!” ती धावली. दार ठोकलं. पण दार वीतभर जाड. आतून ढकलायचा खटका होता, तो बर्फाने जाम झालेला. दोन्ही हातांनी लोंबकळली तरी हलेना. धोक्याची घंटा दाबली. घंटा वाजली, अगदी व्यवस्थित वाजली, रिकाम्या ऑफिसात; गेटवरच्या वॉचमनपर्यंत तो आवाज पोचत नाही. साहेब, हमाल, सगळे घरी गेलेले. आता दार उघडणार सोमवारी.

लेक चार वाजता नाचाच्या क्लासहून घरी येणार होती. घराची किल्ली मावशीच्या खिशात.

मावशी ओरडली. घसा बसेपर्यंत ओरडली. मग दाराला टेकून खाली बसली.

आणि तेव्हाच पंखे थांबले.

त्या खोलीत पंख्यांची घरघर कायम असते. बर्फ वितळवण्यासाठी मशीन मधूनमधून ते बंद करतं, हे तिला माहीत होतं. तरी ती शांतता तिच्या अंगावर आली. काहीच ऐकू येईना... फक्त स्वतःचा श्वास.

आणि मग...

खर्र... खर्र... खर्र...

पुठ्ठ्यावर पेन फिरल्याचा आवाज. पलीकडच्या रांगेतून.

“कोण आहे?”

आवाज थांबला.

ती भिंतीला धरून पलीकडे गेली. रांगेत कुणी नव्हतं. मटारची खोकी होती, परवाच आलेली, तिनेच उतरवून घेतलेली. त्यांतल्या एका खोक्यावर निळ्या शाईत लिहिलं होतं...

‘बसू नकोस. चालत राहा.’

ते वळणदार अक्षर तिने चार वर्षं रोज पाहिलं होतं.

तिने खिशात हात घातला. पेन तिथेच होतं. पण टोपण निघालेलं. आणि उणे वीसच्या त्या खोलीत... पेन गरम होतं. कुणीतरी आत्ताच लिहून ठेवल्यासारखं.

मावशी चालू लागली. दुसरं करणार काय? या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा परत. पाय बधिर झाले, ओठ फुटले, पापण्यांवर बर्फ धरला. लेक आता क्लासला असेल. लेक आता निघाली असेल. लेक आता कुलूप बघत पायरीवर बसली असेल. तिला रडू येत होतं आणि डोळ्यांतलं पाणी गालावरच गोठत होतं.

कितव्या तरी फेरीला दुसरं खोकं दिसलं.

‘पाटी कोणी पुसली?’

तिने मान फिरवली. समोरच्या खोक्यावर तेच. त्याच्या वरच्यावर तेच. पूर्ण रांग, खालपासून छतापर्यंत. जिथे शिडीशिवाय हात पोचत नाही तिथेही.

‘पाटी कोणी पुसली?’

“वस्ताद, मला जाऊ द्या हो,” ती हात जोडून म्हणाली. “माझी पोर एकटी आहे.”

खर्र... खर्र... तिच्या पाठीमागे. अगदी जवळ.

ती वळली नाही. वळायची हिंमतच नव्हती.

खिशातून मोजणीचा कागद काढला. बोटं वाकत नव्हती, म्हणून पेन मुठीत धरलं, लहान मूल धरतं तसं, आणि दाराला कागद टेकवून लिहिलं. शाई एकदाही अडली नाही.

‘वस्ताद, पाटी मी पुसली. तुमचं नाव होतं, मी बघितलं नाही. नंतर कळलं, तरी बोलले नाही. तुम्ही विसरला नव्हता. माझी चूक. पोरीसाठी सोडा मला.’

दाराच्या खालच्या कोपऱ्यातलं रबर थोडं फाटलं होतं. तिने चिठ्ठी त्या फटीत घातली. अर्धी गेली आणि अडकली.

ती ढकलत होती... आणि बाहेरून कुणीतरी चिठ्ठी ओढून घेतली.

हळूच. सावकाश.

“कोण आहे? अहो, दार उघडा! दार उघडा ना!”

पावलांचा आवाजसुद्धा आला नाही.

तिने फटीला तोंड लावून लेकीचं नाव घेतलं. मग तिला काही आठवत नाही.

दार उघडलं तेव्हा पाच वाजले होते. गेटवरचा वॉचमन होता. त्याने तिला ओढून बाहेर काढलं, स्वतःचा कोट तिच्या अंगावर घातला, तिचे हात चोळले.

“काका, चिठ्ठी...” ती पुटपुटली. “तुम्ही घेतलीत ना?”

“कसली चिठ्ठी ताई? इथं काहीच नव्हतं. मी आत्ता येतोय. तीनच्या फेरीला पाटी कोरी होती. आत्ता बघतो तर ही अशी. वस्तादांचं नाव वाचून माझी तर पाचावर धारण बसली! पण खालचं नाव कुणाचं ते कळेना. म्हटलं, कुणी का असेना, उघडून तर बघू.”

पाटीवर दोन नावं होती. खडूने नव्हे, निळ्या पेनाने, तरी काळ्या पाटीवर लख्ख. वर ‘वस्ताद’.

खाली ‘सुई’.

पेन तर अजून मावशीच्या मुठीत होतं. दवाखान्यात नर्सने एकेक बोट सोडवून ते काढलं. मग हातमोजा काढला. नवाकोरा हातमोजा, त्याच महिन्यात मिळालेला. नर्सने तो उलटा करून बघितला. “हे काय लागलंय हो?”

तळव्यावर पिवळा खडू होता.

वस्ताद गेल्यापासून तिथे कुणी पिवळा खडू वापरत नव्हतं.

लेक शेजारच्यांकडे सुखरूप होती. मावशीही वाचली, डाव्या पायाची दोन बोटं तेवढी गेली. खोक्यांवर मात्र साधे आकडे होते, तिच्याच हातचे. डॉक्टर म्हणाले, थंडीने डोकं चालेनासं होतं, माणसाला काहीही दिसतं. मावशीनेही मान डोलावली. तिला तेच खरं व्हायला हवं होतं. घरी आल्यावर तिने ठरवलं, झालं ते झालं, आता कुणाला काही सांगायचं नाही.

आठव्या दिवशी काकू आल्या.

चहा नको म्हणाल्या. खुर्चीच्या टोकावर बसल्या. पर्समधून घडी घातलेला एक कागद काढून त्यांनी मावशीच्या मांडीवर ठेवला.

मोजणीचा कागद. ओला. बर्फासारखा गार.

“आज सकाळी कपाट उघडलं,” काकू म्हणाल्या. “त्यांचा कामावरचा कोट गेली दोन वर्षं तिथेच टांगलाय. किल्ली माझ्याच कमरेला असते. कोटाचा खिसा ओला दिसला, म्हणून हात घातला.”

मावशीने घडी उलगडली.

“तुझंच अक्षर आहे ना गं?”

“हो काकू.”

“म्हणजे ते विसरले नव्हते.”

“नाही काकू. नव्हते विसरले.”

काकूंनी पदर तोंडाला लावला आणि दोन वर्षांचं रडू रडल्या. जाताना दारात थांबून एवढंच म्हणाल्या, “मला सांगितलंस. आता त्यांना सांग, जे म्हणाले म्हातारा विसरला.”

मावशीने सांगितलं. साहेबांसमोर, हमालांसमोर, तीन नंबरच्या दारापाशी उभं राहून. नोकरी गेली. ती आता दुसरीकडे काम करते.

मी तिला एकदा विचारलं, “मावशी, तुझं नाव कोणी पुसलं गं? वस्तादांनीच कोंडलं का तुला?”

ती डावा पाय चोळत राहिली.

“मारायला कोंडलं की बोलतं करायला, ते मला आजही कळत नाही,” ती म्हणाली. “पण ‘बसू नकोस’ हे त्यांनी आधी लिहिलं होतं गं. पाटीचं नंतर विचारलं.”

ते पेन तिने काकूंना परत केलं. काकूंनी ते त्याच कोटाच्या खिशात ठेवलं, टोपण घट्ट लावून, आणि कपाटाला कुलूप घातलं.

दर शनिवारी काकूंचा मावशीला फोन येतो. त्या जास्त काही बोलत नाहीत.

“आज पुन्हा टोपण निघालं होतं,” एवढंच सांगतात.

“काही लिहिलंय का?” मावशी विचारते.

आजवर काकू ‘नाही’ म्हणत आल्या. गेल्या शनिवारी मात्र त्यांनी काहीच न बोलता फोन ठेवला.